हार्डवेअर फिजिक्सचा पर्याय सुरू ठेवावा की बंद?

कॉम्प्युटर गेमच्या ग्राफिक्स मेनूत सावल्या, टेक्सचर आणि रिझोल्यूशन यांच्या पंक्तीत अनेकदा आणखी एक पर्याय बसलेला असतो. कोठे त्याचे नाव ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड फिजिक्स’ असते, कोठे ‘अ‍ॅडव्हान्स्ड फिजएक्स’, तर कोठे नुसते ‘फिजएक्स’. चित्र आणखी चांगले हवे आहे का, एवढेच तो विचारतो आहे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि ज्याच्याकडे बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे तो साहजिकच ‘हो’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात या एका बटणात दोन वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. धूर, उडणारे कागद, काचेचे तुकडे आणि कापड यांचे जास्तीचे देखावे हवेत का, हा पहिला; आणि त्या देखाव्यांचे गणित कोणी करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आवडीनिवडीवर सोडता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र कॉम्प्युटरमध्ये काय बसवले आहे आणि गेम कोणत्या काळातला आहे यावर ठरते. बहुतेकांची फसगत तेथेच होते, कारण मेनूतला पर्याय सुरू दिसत असताना त्यामागचे गणित भलत्याच ठिकाणी चाललेले असू शकते.

गेममधले जग प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, नव्याने मांडावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. १२० हव्या असतील तर ८.३. एवढ्या वेळात खेळाडूने कोणते बटण दाबले ते वाचायचे, शत्रूंच्या हालचाली ठरवायच्या, आवाज मिसळायचे आणि चित्र रंगवायचे, आणि या सगळ्याच्या जोडीला कोणती वस्तू कोठे पडली, कशावर आदळली, किती उसळली याचाही हिशेब लावायचा असतो. या शेवटच्या हिशेबाला गेमच्या जगात फिजिक्स म्हणतात.

हा हिशेब ढोबळमानाने तीन टप्प्यांत चालतो. आधी प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षण, वारा, धक्का अशी बले लावून ती पुढच्या क्षणी कोठे असेल ते काढले जाते. मग कोणत्या वस्तू एकमेकींत घुसल्या आहेत ते शोधले जाते. शेवटी घुसलेल्या वस्तू बाहेर ढकलून, सांधे, दोऱ्या आणि बिजागऱ्या यांची बंधने मोडणार नाहीत अशा बेताने त्यांचे वेग दुरुस्त केले जातात. मधला टप्पा वरवर सोपा वाटतो, पण १,००० वस्तूंतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूशी ताडून पाहायची म्हटले तर ४,९९,५०० जोड्या होतात. म्हणून आधी जागेची विभागणी करून एकमेकींपासून दूर असलेल्या जोड्या सरसकट वगळतात आणि उरलेल्या थोड्याच जोड्यांची बारकाईने तपासणी करतात. तिसरा टप्पा त्याहून चिवट आहे. एकावर एक रचलेल्या पेट्यांपैकी खालची पेटी जराशी सरकली तरी वरच्या सगळ्यांची उत्तरे बदलतात, त्यामुळे तेच गणित पुन्हा पुन्हा फिरवून बऱ्यापैकी खऱ्या उत्तराच्या जवळ जावे लागते.

या फिजिक्सचे दोन प्रकार आहेत, आणि मेनूतले बटण त्यांपैकी एकालाच हात लावते. २००४ सालच्या ‘हाफ-लाइफ २’ मध्ये खेळाडू फळीच्या एका टोकावर विटा रचून दुसरे टोक वर उचलतो किंवा ग्रॅव्हिटी गनने पिंप उचलून शत्रूवर फेकतो, तेव्हा त्या वस्तू कशा पडतात यावर खेळ पुढे जाणार की नाही हे ठरते. ते फिजिक्स हॅवॉक या लायब्ररीवर, म्हणजे गेममध्ये जोडायच्या तयार प्रोग्राम-संचावर, उभारलेले होते आणि प्रोसेसरवर चालत होते. ते बंद करण्याचा पर्याय नव्हता आणि असणे शक्यही नव्हते, कारण ते काढून घेतले तर खेळच उरत नाही. दुसरा प्रकार शोभेचा आहे. भिंतीवर गोळी लागल्यावर उडणारा चुरा, खेळाडू चालत गेल्यावर बाजूला होणारे धुके, वाऱ्यावर फडफडणारा पडदा या गोष्टी असल्या काय आणि नसल्या काय, गोळी लागायची तेथेच लागते आणि दार उघडायचे तसेच उघडते. ‘हार्डवेअर फिजिक्स’ म्हणून आपल्यापुढे जो पर्याय येतो, तो जवळजवळ नेहमी या दुसऱ्या प्रकारचा असतो.

असे का, याचे एक कारण तांत्रिक आहे आणि एक व्यावहारिक. ग्राफिक्स कार्डात साध्या गणकांची मोठी फौज असते आणि ती एका हुकमावर एकच कृती करते, जशी मैदानावरच्या कवायतीत ‘डावीकडे वळ’ म्हणताच सगळी रांग वळते. धुराचे १०,००० कण असतील तर प्रत्येक कणासाठी जवळपास तेच सूत्र लावायचे असते. कापड म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या बिंदूंची जाळी असते आणि तिथेही प्रत्येक बिंदूचे गणित सारखेच असते. अशी कामे कवायतीला चपखल बसतात. शिवाय धुराचे गणितही कार्डावर झाले आणि तो रंगवायचाही कार्डानेच, त्यामुळे उत्तर माघारी प्रोसेसरकडे पाठवण्याचा खटाटोप उरत नाही. पेट्यांची रास कोसळून शत्रू मेला की नाही, हे मात्र खेळाच्या मुख्य तर्काला त्याच फ्रेममध्ये कळावे लागते, आणि तो तर्क प्रोसेसरवर चालतो. म्हणजे प्रत्येक फ्रेमला कार्डाकडून उत्तर येण्याची वाट पाहत बसणे आले. व्यावहारिक कारण असे की तोच गेम ‘एक्सबॉक्स ३६०’ आणि ‘प्लेस्टेशन ३’ वरही विकायचा असे, आणि या गेम-यंत्रांत ‘फिजएक्स’ हे एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या कंपनीचे तंत्र ग्राफिक्स चिपवर चालत नसे. अनेक खेळाडू एकत्र खेळतात अशा गेममध्ये तर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ढिगारा जरा वेगळा कोसळला तरी सगळ्यांचे जग विस्कटते. म्हणून ज्याचा निकालाशी संबंध नाही, तेवढेच हार्डवेअरवर सोपवले गेले.

हे बटण मेनूत आले कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आजचा गोंधळ त्या इतिहासातूनच आलेला आहे. एजिया या अमेरिकी कंपनीने २००४ साली स्वित्झर्लंडमधल्या नोवोडेक्सची फिजिक्स लायब्ररी ताब्यात घेतली, तिला फिजएक्स हे नाव दिले आणि २००६ मध्ये फक्त फिजिक्सचे गणित करणारे स्वतंत्र कार्ड बाजारात आणले. त्यावर १२८ मेगाबाइट मेमरी होती आणि ते साध्या पीसीआय खाचेत बसत असे. कल्पना चांगली होती, पण केवळ उडणारे दगड जास्त दिसावेत म्हणून आणखी एक कार्ड घ्यायला फारसे कोणी तयार झाले नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये एनव्हिडियाने एजिया विकत घेतली, आणि त्याच वर्षी तिच्या जीफोर्स ८ मालिकेपासून पुढच्या ग्राफिक्स कार्डांना ड्रायव्हरमधूनच, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच, हे काम करता येऊ लागले. मधल्या काळात, सप्टेंबर २००७ मध्ये, इंटेलने हॅवॉक विकत घेतली होती. पुढे २०१५ मध्ये ती मायक्रोसॉफ्टकडे गेली. एनव्हिडियाने फिजएक्सचा हार्डवेअर भाग कुडा या आपल्या स्वतःच्या गणनतंत्रावर बांधला, आणि कुडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते. एएमडी किंवा इंटेलचे कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर तो पर्याय सुरू केला तर ग्राफिक्स कार्डाला त्याची गंधवार्ताही नसते; सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

येथे नावामुळे होणारा एक गैरसमज दूर करतो. गेम इन्स्टॉल होताना फिजएक्सचा उल्लेख दिसला म्हणजे तो गेम हार्डवेअर फिजिक्स वापरतो असे मुळीच नाही. युनिटी या गेम इंजिनाचे, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार सांगाड्याचे, त्रिमितीय फिजिक्स फिजएक्सवरच उभे आहे, अनरियल इंजिन ४ चेही तसेच होते, आणि या दोन्ही ठिकाणी ते नेहमीच्या वापरात प्रोसेसरवरच चालते. अनरियल इंजिन ५ ने तर फिजएक्स सोडून केऑस नावाची स्वतःची प्रणाली घेतली. म्हणजे फिजएक्स हे लायब्ररीचे नाव आहे. ती बहुतेक वेळा प्रोसेसरवर निमूटपणे काम करते, आणि मोजक्याच गेममध्ये तिच्या हार्डवेअर भागासाठी मेनूत वेगळा पर्याय दिलेला असतो.

त्या मोजक्या गेममध्ये पर्याय सुरू केल्यावर दिसते काय? जानेवारी २००९ मध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या ‘मिरर्स एज’ मध्ये गोळीबार झाला की काच फुटून तिचे शेकडो तुकडे जमिनीवर उसळतात आणि छतांवरची कापडे गोळ्यांनी फाटतात. ‘माफिया २’ मध्ये नायकाच्या कोटाचे पदर चालताना हलतात आणि भिंतींचा चुरा पायाखाली साचत जातो. ‘बॉर्डरलँड्स २’ मध्ये कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायऱ्यांवर द्रव पदार्थ जमिनीवर पसरून ओघळताना दिसतात. ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’ मध्ये धुराचे लोट माणसांच्या हालचालींनी ढवळले जातात.

‘बॅटमॅन: अर्कहॅम असायलम’ चे उदाहरण मला यांत सर्वांत बोलके वाटते. त्या वेड्यांच्या इस्पितळात जमिनीवर कागद विखुरलेले असतात आणि बॅटमॅन त्यांतून चालत गेला की ते भिरभिरत उडतात. काही खोल्यांत धुके साचलेले असते आणि ते त्याच्या पायांभोवती फिरते. पर्याय बंद केला की तेच कागद निपचित पडून राहतील आणि धुके स्थिर होईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात कागद आणि धुके नाहीसेच होतात. न हलणारे कागद दाखवायला कोणत्याही खास हार्डवेअरची गरज नव्हती, हे उघड आहे. ‘बंद’ स्थितीतले दृश्य मुद्दाम ओकेबोके ठेवले म्हणजे ‘सुरू’ स्थितीतले अधिक उठून दिसते, असा संशय तेव्हा अनेकांनी घेतला आणि तो मला तरी अनाठायी वाटत नाही. तरीही त्या खोल्यांची भयाण कळा त्या कागदांमुळेच येते, हेही तितकेच खरे. म्हणून वातावरण हाच ज्या गेमचा प्राण आहे तेथे मी हा पर्याय शक्य असेल तर सुरू ठेवतो. नुसता जास्तीचा चुरा उडत असेल तर पाच मिनिटांनी तो नजरेआड होतो आणि फ्रेम मात्र खात राहतो.

आता ‘शक्य असेल तर’ म्हणजे काय ते पाहू. गणित ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर गेले तर किती बिघडते? आजचे प्रोसेसर इतके वेगवान असताना २००९ सालचा चुरा त्यांना जड जाऊ नये, असे कोणालाही वाटेल. पण जुन्या गेममधली फिजएक्सची प्रोसेसरवरची बाजू फारशी घासूनपुसून तयार केलेली नव्हती. जुलै २०१० मध्ये डेव्हिड कँटर या विश्लेषकाने तपासून दाखवले की तेव्हाची फिजएक्स प्रोसेसरवर चालताना बहुतांशी एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच कोअरच्या (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकाच्या) जिवावर चालत होती, आणि त्यातही एक्स८७ नावाच्या जुन्या पद्धतीच्या सूचना वापरत होती. एक्स८७ चे मूळ इंटेलच्या १९८० सालच्या ८०८७ या गणित-सहायक चिपमध्ये आहे. ती एका वेळी एकच आकडेमोड करते. १९९९ च्या पेंटियम ३ पासून आलेल्या एसएसई सूचना एका फटक्यात चार आकड्यांवर काम करतात. म्हणजे रुंद रस्ता मोकळा असताना सगळी वाहने पायवाटेने चालली होती. पुढे २०११ मध्ये आलेल्या फिजएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत ही बाजू बरीच सुधारली, पण आधीच विकले गेलेले गेम आपल्या जुन्या आवृत्तीलाच बांधलेले राहिले. म्हणून आजच्या १६ कोअरच्या प्रोसेसरवरही त्या काळातला गेम एका कोअरला राबवतो आणि बाकीचे १५ बसून राहतात.

त्यात भर म्हणजे फिजिक्सचे गणित मागे पडले की ते स्वतःच्याच ओझ्याने आणखी मागे पडते. बहुतेक गेममध्ये हे गणित ठरावीक अंतराच्या पावलांनी पुढे सरकते. युनिटीत हे अंतर मूळ मांडणीत ०.०२ सेकंद आहे. एखादी फ्रेम काही कारणाने ६० मिलिसेकंद रेंगाळली तर पुढच्या फ्रेमला एकाऐवजी तीन पावले टाकावी लागतात, त्यामुळे ती फ्रेम आणखी लांबते, आणि तिच्या पुढच्या फ्रेमवर त्याहून मोठी थकबाकी चढते. हे चक्र तोडण्यासाठी इंजिने एका मर्यादेपुढची थकबाकी सरळ सोडून देतात, आणि मग पडद्यावर सगळे संथ गतीने घडते आहे असे वाटू लागते. काच फुटण्याच्या नेमक्या क्षणी गेम गुदमरतो तो अशाच ओझ्यांमुळे; एरवी फिरताना त्याची चाहूलही लागलेली नसते.

याच कारणाने २०२५ सालच्या सुरुवातीला एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतली पहिली कार्डे बाजारात आली. या मालिकेसाठी ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या घडणीच्या, प्रोग्रामना कुडा वापरू देण्याची सोय काढून टाकलेली होती. २००८ ते २०१३ च्या आसपासचे बहुतेक गेम ३२ बिटचे आहेत, आणि ३२ बिटचा गेम फिजएक्सची ३२ बिटचीच लायब्ररी वापरू शकतो. ती लायब्ररी कुडा मागते, कुडा मिळत नाही, आणि मग ती कोणताही गाजावाजा न करता प्रोसेसरकडे वळते. परिणामी, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मध्यम कार्डावर सुरळीत चालणारा देखावा त्या वेळच्या सर्वांत महागड्या कार्डावर अडखळू लागला. ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ही अडचण नव्हती. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने नव्या ड्रायव्हरमधून ५० मालिकेसाठी ही सोय परत आणली, पण सरसकट नव्हे, निवडक गेमपुरती; ‘मिरर्स एज’, ‘माफिया २’, ‘मेट्रो २०३३’, ‘बॉर्डरलँड्स २’ आणि ‘ब्लॅक फ्लॅग’ ही त्या यादीतली नावे. ६४ बिटच्या गेमना, उदाहरणार्थ २०१५ च्या ‘बॅटमॅन: अर्कहॅम नाइट’ ला किंवा २०१९ च्या ‘मेट्रो एक्सोडस’ ला, या सगळ्याची झळ मुळातच लागली नव्हती.

तेव्हा निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, आणि त्या पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. गेम ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कळते. तेथील डीटेल्स या भागात प्लॅटफॉर्म हा स्तंभ दिसेल असे केले की चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामपुढे तो आकडा येतो. गणित प्रत्यक्षात कोठे चालले आहे, हे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून कळते. त्यात फिजएक्ससाठी वेगळे पान आहे, आणि तेथे गणित कोणी करायचे याचे तीन मार्ग आहेत: आपोआप निवड, विशिष्ट ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसर. त्याच पॅनेलच्या वरच्या थ्री-डी सेटिंग्जच्या मेनूत फिजएक्सचा दर्शक सुरू करण्याची सोय आहे. तो सुरू असला की गेमच्या कोपऱ्यात काम कार्डावर आहे की प्रोसेसरवर, हे लिहून येते. एकच कार्ड असेल तर आपोआप निवड बहुधा बरोबर चालते, पण दर्शक प्रोसेसर म्हणत असेल तर त्या पानावर कार्डाचे नाव स्वतः निवडून पाहावे.

मग मोजणी. येथे सरासरी फ्रेम रेटवर विसंबणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. समजा एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यांतल्या ५९ फ्रेमना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि एका फ्रेमला ११५. बेरीज बरोबर १,००० होते, सरासरी ६० दिसते, आणि खेळणाऱ्याला मात्र लक्षात राहतो तो एक हिसका. शोभेच्या फिजिक्सचा खर्च नेमका असा हिसक्यांत येतो, कारण स्फोट, फुटणारी काच आणि धुराचा लोट हे सगळे एकाच वेळी, चकमकीच्या ऐन भरात घडते. म्हणून शांत गल्लीत उभे राहून आकडा पाहण्याऐवजी गेममधली सर्वांत गर्दीची चकमक निवडावी, ती पर्याय सुरू ठेवून आणि बंद ठेवून दोनदा खेळावी, आणि सरासरीऐवजी सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा ताडून पाहावा. मोजणीची बहुतेक साधने तो आकडा वेगळा दाखवतात. ‘माफिया २’ आणि ‘अर्कहॅम असायलम’ यांसारख्या गेममध्ये चाचणीचे तयार दृश्य दिलेले आहे, ते वापरले तर दोन्ही वेळा तोच प्रसंग मिळतो आणि तुलना न्याय्य होते. सुरू ठेवल्यावर सर्वांत संथ फ्रेमही आपल्याला चालण्याजोग्या असतील तर पर्याय खुशाल ठेवावा. त्या दुपटीने लांबत असतील तर सरासरी कितीही छान दिसो, तो बंद करावा, किंवा ‘बॉर्डरलँड्स २’ प्रमाणे पायऱ्या असतील तर एक पायरी खाली यावे. बघण्यासारखे बरेचसे मधल्या पायरीवरही दिसते.

लॅपटॉपवर आणखी एक बाब जमेस धरावी लागते. तेथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता अनेकदा एकाच पंख्या-नळ्यांच्या व्यवस्थेतून बाहेर पडते आणि विजेचा वाटाही दोघांत मिळून ठरलेला असतो. एकावर काम वाढले की दुसऱ्याचा वेग उतरतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांची चाचणी फसवी ठरते. मोजायचे तर अर्धा तास खेळून झाल्यावर मोजावे.

फिजिक्ससाठी जुने एनव्हिडिया कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून ठेवण्याची युक्ती जुनीच आहे, आणि ५० मालिकेच्या प्रसंगानंतर ती पुन्हा चर्चेत आली. मुख्य कार्ड चित्र रंगवते, दुसरे फक्त फिजएक्सचे गणित करते, आणि कंट्रोल पॅनेलच्या त्याच पानावर त्या दुसऱ्या कार्डाचे नाव निवडायचे असते. ही युक्ती खरोखर चालते, पण तिच्या अटी आहेत. दुसरे कार्ड फार दुबळे असेल तर मुख्य कार्डाला त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबावे लागते, आणि मग मुख्य कार्डाने दोन्ही कामे एकट्याने केली असती तर बरे, अशी पाळी येते. साध्या मदरबोर्डांवर दुसरे कार्ड बसवले की मुख्य कार्डाची माहिती ने-आण करणाऱ्या १६ मार्गिकांपैकी निम्म्या काढून घेतल्या जाऊ शकतात. विजेचा आणि उष्णतेचा भार वाढतो, तोही गेम सुरू नसताना. शिवाय दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर चालला पाहिजे. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या, म्हणजे जीफोर्स ९०० आणि १० मालिकांच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. तेव्हा कपाटात पडून असलेले त्या पिढीचे कार्ड कामाला लावायचे तर मुख्य कार्डालाही जुन्या ड्रायव्हरवर अडकून राहावे लागते. ज्याला ५० मालिकेच्या कार्डावर यादीबाहेरचे जुने गेम खेळायचे आहेत, त्याच्यासाठीच हा उपद्व्याप अर्थपूर्ण आहे. इतरांनी तेवढ्यासाठी कार्ड शोधत फिरू नये.

हाच हिशेब वेगळ्या नावांनीही समोर येतो. २०१३ च्या ‘टूम रेडर’ मध्ये नायिकेच्या केसांसाठी एएमडीचे ट्रेसएफएक्स होते, तर २०१५ च्या ‘द विचर ३’ मध्ये एनव्हिडियाचे हेअरवर्क्स आले. ही दोन्ही तंत्रे केसांच्या हालचालीचे गणित ग्राफिक्स कार्डावरच करतात, पण कुडाऐवजी विंडोजच्या डायरेक्टएक्समधून करतात, त्यामुळे ती दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतात. चालतात म्हणजे सारख्याच वेगाने चालतात असे नव्हे. हेअरवर्क्स प्रत्येक केसाची बट बारीक भागांत चिरण्यासाठी टेसेलेशन हे तंत्र फार मोठ्या प्रमाणावर वापरते, आणि त्या कामात तेव्हाची एएमडी कार्डे मागे पडत. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये टेसेलेशनला मर्यादा घालण्याची सोय आहे, ती वापरली की केसांचे रूप फारसे न बिघडता वेग बराच परत मिळतो. म्हणजे येथे खर्च हालचालीच्या गणितापेक्षा चित्र रंगवण्यात अधिक होतो, आणि म्हणून कंट्रोल पॅनेलमधले फिजएक्सचे पान कितीही उलटसुलट केले तरी त्यात फरक पडत नाही. त्यासाठी गेमच्याच मेनूत केसांची प्रत आणि त्यांच्या कडा गुळगुळीत करण्याची पातळी खाली आणावी लागते.